बक्रमच्या जागी आलेलं गिऱ्हाईक

२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

हे फोनवर बोलता येत नाही. घर दोन खोल्यांचं, आणि बाबांची नजर गेली तसे त्यांचे कान तिखट झालेत. खालच्या मजल्यावर कोणी चमचा पाडला तरी स्टीलचा होता की पितळेचा ते सांगतात. म्हणून पत्र. उत्तर माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. पाणीपट्टी विभाग, पहिला मजला, एवढं लिहिलंस तरी पोचेल.

बक्रम गेला. बाबा डोळ्याच्या ऑपरेशनला (नजर येणार नाही, ठणका थांबेल एवढंच) चार दिवस दवाखान्यात होते, त्यातल्या दुसऱ्या दिवशी. जरा आजारी होता, झोपेतच गेला. नऊ वर्षं तो बाबांच्या शिलाई मशीनच्या पायाशी बसला. कॉलरमध्ये घालतात त्या कडक बक्रम कापडासारखे त्याचे कान ताठ, म्हणून बाबांनीच त्याला ते नाव ठेवलेलं. आता त्यांना घरी आणायचं आणि दारात तो नाही, हे कसं सांगायचं? त्यात डॉक्टरांनी बजावलेलं, डोळ्याला टाके आहेत, महिनाभर रडणं अजिबात नको.

मग मी एक तोड काढली. दोन दिवस शहर पालथं घातलं आणि हुबेहूब तसाच कुत्रा आणला. तोच तपकिरी रंग, छातीवर तोच पांढरा डाग, शेपटीचं टोकसुद्धा पांढरं. बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या पायाशी सोडला. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरं."

सुटलो म्हणायचं. तुला काय वाटतं ते कळव.

तुझा,
धाकटा

•

७ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं पत्र हॉस्टेलच्या ऑफिसात बसून दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं माझा चष्मा बिघडला.

आंधळ्या माणसासाठी तू रंग जुळवलास. शेपटीचं टोकसुद्धा. दोन दिवस शहर पालथं घालताना तुझ्या एकदाही डोक्यात आलं नाही की ज्याला दाखवायचं त्याला दिसत नाही? माझ्याकडे एकशे चाळीस मुली आहेत. रात्री उशिरा येण्याची कारणं सांगताना त्या काय काय अकलेचे तारे तोडतात ते मी बावीस वर्षं रेक्टर म्हणून ऐकतेय. पण त्यांतली सगळ्यात मठ्ठ मुलगीसुद्धा एवढं मठ्ठ खोटं बोलली नसती. तू पंचेचाळीस वर्षांचा आहेस. सरकारने तुला लोकांच्या पाण्याचे हिशेब बघायला ठेवलंय, याची मला आता त्या लोकांसाठी काळजी वाटते.

आणि आजारी होता म्हणे. गेल्या महिन्यात मी आले होते तेव्हा त्या आजारी कुत्र्याने माझी चप्पल तोंडात धरून तीन जिने उतरवली होती. खरं काय ते लिही.

एक सांगते, मला त्या कुत्र्याचं काही वाटत नाही. कुत्रा होता, गेला. माणसाने कुत्रा पाळायचा, मग त्याच्यापुढे बाळासारखं बोबडं बोलायचं, मग तो गेला की घरभर सुतक धरायचं, हा प्रकारच मला कधी समजला नाही. पण बाबांचा डोळा महत्त्वाचा आहे. ऑपरेशनवर एवढी यातायात झालीय, ती रडून घालवायची नाही. खोटं बोलून बसलाच आहेस, तर महिना पुरा होईपर्यंत तेच नीट निभव. तेवढं तरी जमेल अशी आशा धरते.

ताई

•

१३ नोव्हेंबर

ताई,

तू ओळखणारच होतीस. आजारी नव्हता. मी त्याला सकाळी खाली नेलं होतं. बाबा कधीच पट्टा हातातून सोडत नाहीत, पण माझा फोन वाजला, साहेबांचा होता, म्हणून मी पट्टा कठड्याला अडकवला. नीट अडकला नसावा. गल्लीत सामान उतरवून एक टेम्पो मागे येत होता. मी फोनवर "हो सर, हो सर" म्हणत होतो. आवाज आला तेव्हाही मी आधी "हो सर" म्हटलं आणि मग वळलो. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

आता दुसरं. बाबांचं काहीतरी बिनसलंय. डोळ्याचं नाही, तो बरा आहे. डोक्याचं.

ते नव्या कुत्र्याला बक्रम म्हणून हाकच मारत नाहीत. "गिऱ्हाईक जेवलं का", "गिऱ्हाईकाला बाहेर ने", असं बोलतात. मी बक्रमचा जुना पट्टा नव्याच्या गळ्यात घातला होता. बाबांनी तो काढला, बोटांनी चाचपला, "हे माप याचं नव्हे" म्हणाले आणि खिशात टाकला. मी म्हटलं, "बाबा, नऊ वर्षं हाच पट्टा आहे." तर माझ्याकडे तोंड करून नुसते हसले. आणि रोज दुपारी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतात आणि बसून राहतात. अर्धा अर्धा तास. कपडे कोरडेच असतात. मी पाणीपट्टी विभागात कामाला असून माझ्याच घरी हे चाललंय. विचारलं तर म्हणतात, "हात धूत होतो."

मला भीती वाटते.

धाकटा

•

१८ नोव्हेंबर

धाकट्या,

तू टेम्पोबद्दल लिहिलंस ते बरं केलंस. "हो सर" वाचून मात्र कपाळाला हात लावला. तुझ्या आयुष्यावर कोणी पुस्तक काढलं तर तेवढंच नाव शोभेल.

बाबांबद्दल तू जे लिहिलंस ते मी आमच्या हॉस्टेलला येणाऱ्या डॉक्टरबाईंना वाचून दाखवलं. ओळखीच्या गोष्टींची नावं विसरणं, रोजची वस्तू परकी वाटणं, पाणी तसंच सोडून बसून राहणं. त्या म्हणाल्या, वय किती? मी म्हटलं, शहात्तर. त्या नुसतं "हं" म्हणाल्या. त्या "हं"चा अर्थ मला पुरेसा कळतो.

मला याचं आश्चर्य वाटत नाही. बाबा म्हणजे आयुष्यभर एका खुर्चीत, तोंडात टाचण्या, समोर मशीन, पायाशी कुत्रं. गिऱ्हाइकांशी गप्पा त्याच त्याच, बाही लांब का आखूड. त्या डोक्याला दुसरं खाद्यच काय मिळालं? मी कितीदा म्हटलं, वाचनालयात जा, रेडिओवर भाषणं ऐका. त्यावर ते म्हणायचे, मला मशीनचा आवाज पुरतो. आता बसा मशीनचा आवाज ऐकत.

आता त्यांना बक्रमचं खरं सांगण्यातही अर्थ नाही. ज्याला पट्टा ओळखू येत नाही त्याला मरण काय समजणार? रोज काय काय करतात ते तारखेनुसार लिहून ठेव. लागेल.

ताई

•

२६ नोव्हेंबर

ताई,

लिहून ठेवलं आहे, सोबत जोडतो. वीस तारखेला गिऱ्हाइकाला मापाच्या टेपने मोजलं, गळा, छाती, पाठ, आणि आकडे पुटपुटले. एकवीसला कापड मागितलं. बावीसला नजर नसताना मशीनवर बसले आणि हाताने चाचपत त्याच्यासाठी नवा पट्टा शिवला. सरळ शिवला गेला, ते मान्य करायला हवं. चोवीसला मी म्हटलं, "बक्रमला आवडला वाटतं पट्टा," तर बाबा म्हणाले, "तू जेव."

तुला एक विचारायचं होतं. रागावू नकोस. तू इथे नाहीस, तुला यादी वाचून सगळं कळतं. मला रोज सकाळी तो कठडा दिसतो. मी त्या गल्लीतून न जाता मागून वळसा घालून ऑफिसला जातो, पंधरा मिनिटं उशीर होतो. तुझ्यासाठी तो एक कुत्रा होता. ताई, तू कधी कोणासाठी रडली आहेस का? मला खरंच आठवत नाही, म्हणून विचारतो.

पुढे काय करायचं ते तूच ठरव. माझं डोकं चालत नाही.

धाकटा

•

१ डिसेंबर

धाकट्या,

रडायला मला वेळ नसतो. मी उपयोगी पडते, त्यासाठीच मला पगार देतात. तू रडतोस, त्याचा उपयोग कोणाला झाला ते यादीत लिहिलेलं दिसलं नाही.

मी ठरवलंय. हॉस्टेलच्या मागच्या रस्त्यावर म्हाताऱ्या माणसांसाठी एक निवास आहे. स्वच्छ आहे, नर्स आहेत, भिंतींना धरायला दांडे आहेत. मी जाऊन बघून आले. एकाच खोलीत तिघं, पण खिडकीशेजारची जागा मी मागून घेतली. तिथे कुत्रं चालत नाही, ते तू जिथून आणलंस तिथे देऊन ये. मशीन घेईल त्याला देऊन टाक, त्यांना आता सुईजवळ बसू देणं म्हणजे आपणच अपघात मागवणं. खोली रिकामी झाली की तूही जरा माणसासारखा राहशील.

सोबत फॉर्म पाठवतेय. तिसऱ्या पानावर त्यांची सही किंवा अंगठा घे. कशाचा फॉर्म आहे ते सांगत बसू नकोस, पेन्शनचा आहे म्हण. एवढं खोटं तुला नक्की जमेल. वीस तारखेला त्यांना घेऊन ये.

ताई

•

५ डिसेंबर

थोरलीस,

अक्षर वेडंवाकडं वाटेल. कापायची लाकडी पट्टी कागदावर ठेवून तिच्या काठाने लिहितोय, एक ओळ झाली की पट्टी खाली सरकवायची. नजरेचा काही संबंध नाही त्यात. कागद चांगला जाड आहे. तुझ्या त्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजू आहेत.

आता म्हणशील, याला फॉर्म कसा कळला. तुझा भाऊ लिहिताना बोलतो. दुसरीत होता तेव्हापासूनची खोड आहे. ओठांतून बाहेर पडल्याशिवाय शब्द त्याच्या हातून कागदावर उतरतच नाही. वाचतानाही तेच. तू ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र तो घरी आणतो, टेबलाशी बसतो आणि पुटपुटत वाचतो. मी पलीकडच्या खोलीत पडून तुमचा सगळा पत्रव्यवहार ऐकला. तू त्याची एवढी अक्कल काढलीस, आणि एवढी साधी गोष्ट तुला आठवली नाही. हॉस्टेल चालवतेस म्हणे.

बक्रम गेल्याचं मला पहिल्याच दिवशी कळलं. पन्नास वर्षं लोकांच्या अंगावरून हात फिरवून पोट भरलं. खांदा अर्धा इंच उतरलेला असेल तर शर्टावरून कळतो मला. याच्या पाठीवरून हात फिरवला, गळा हाताला लागला, दोन इंच बारीक. कान लुळे. आणि ती कुत्री आहे. भावाने तुला हे कळवलेलं दिसत नाही. छातीवरचा डाग जुळवला, शेपटीचं टोक जुळवलं, आणि कुत्र्याच्या जागी कुत्री आणून उभी केली. मी त्या क्षणी हसलो असतो, पण बक्रम नाही हे त्याच क्षणी कळलं होतं.

तू विचारशील, मग बोलला का नाहीत? धाकटा दारात श्वास रोखून उभा होता. मला ऐकू येत होतं. मी तोंड उघडलं असतं तर तो तिथेच बसला असता. म्हणून म्हटलं, बरं. तिला बक्रम म्हणून हाक मारायला जीभ वळेना, म्हणून गिऱ्हाईक. आलेल्या गिऱ्हाइकाला मी आजवर परत पाठवलेलं नाही. तिच्या गळ्याला दुसऱ्याचा पट्टा नको म्हणून मोजून नवा शिवला. यात डोकं कुठे गेलं ते तुझ्या डॉक्टरबाईंना विचार.

नळाचं विचारायचं राहिलं ना? नऊ वर्षं माझ्या पायाशी बसलेला जीव गेला. मला रडू आलं. ज्या घरात मला सांगितलेलंच नाही, त्या घरात कुठे रडणार? म्हणून नळ सोडायचो. तुम्ही दोघांनी त्याची तारखेनुसार यादी केलीत. बावीस तारखेचं लिहिताना "सरळ शिवला गेला" असं तो म्हणाला, ते ऐकून बरं वाटलं.

टेम्पोचंही ऐकलं. परवा मी त्याला म्हटलं, "कठड्याला पट्टा अडकवत नाही, तो निसटतो, माझाही दोनदा निसटला होता." काल तो गल्लीतून सरळ ऑफिसला गेला, पावलांवरून कळलं.

मी तुझ्या निवासात येणार नाही. खिडकीशेजारची जागा दुसऱ्या कोणा म्हाताऱ्याला दे. मला दिसत नाही, खिडकी काय कामाची? तू भावाला आंधळ्यासाठी रंग जुळवला म्हणून झाडलंस आणि आंधळ्यासाठी खिडकी मागून घेतलीस. दोघं एकाच आईची लेकरं.

एक चूक मात्र माझ्या पदरात घेतो. ही खोटं बोलण्याची खोड त्याने माझ्याकडून उचलली. तुमची आई दवाखान्यातून परत आली नाही, तेव्हा ती मावशीकडे विश्रांतीला गेलीय असं मी सांगितलं. सहा आठवडे सांगत राहिलो. तो चार वर्षांचा, तू अकराची. मला दुसरं काही सुचलं नाही. पण तू खंबीर निघालीस. शेवटी खरं सांगितलं तेव्हा तू "बरं" म्हणालीस आणि दप्तर भरायला गेलीस. डोळ्यांत टिपूस नाही. मी अजून शेजाऱ्यांना सांगतो, आमची थोरली म्हणजे लोखंड. तेवढं एक माझ्या हातून चांगलं झालं.

वीस तारखेची वाट बघू नकोस.

बाबा

•

९ डिसेंबर

बाबा,

हे पत्र धाकटा तुम्हाला वाचून दाखवेल. त्याला सांगा, इथून पुढे सावकाश वाच, आणि मधे थांबू नकोस.

धाकट्या, आधी तुझ्यासाठी. बाबांवर तू जेवढं खोटं बोललास त्याहून मोठं मी तुझ्याकडून बोलवून घेत होते. फॉर्म पेन्शनचा आहे असं सांगायला मीच लिहिलं होतं. तुला मठ्ठ म्हटलं ते मी परत घेत नाही, कुत्री आणलीस हे वाचल्यावर तर नाहीच. पण त्या यादीवर मी शहाण्यासारखी मान डोलवली आणि एका रडणाऱ्या माणसाचं डोकं गेलंय असं ठरवलं. तेव्हा मठ्ठपणात माझा नंबर तुझ्या वर लागतो. निवासाची जागा सोडल्याचं मी कळवलंय.

आता बाबा. आईचं तुमच्या हातून चांगलं झालं नाही.

तुम्ही ती मावशीकडे गेल्याचं सांगितलंत, त्याच दुपारी मी तुमची मापाची वही उघडली होती. गिऱ्हाइकांची मापं वहीतून मीच काढून द्यायचे तुम्हाला, आठवत असेल. एकेका माणसाचं एकेक पान. आणि कोणी वारलं की तुम्ही त्याचं पान कात्रीने कापून काढायचात, म्हणजे चुकून त्या मापाचं काही शिवलं जाऊ नये. तेवीस नंबरचं पान आईचं होतं. ते नव्हतं. शिवणीपाशी कात्रीची सरळ रेघ होती. मी वही मिटली आणि तुम्हाला चहा करून दिला.

मग तुम्ही म्हणालात, आईला पत्र लिही, मी टाकतो. मी लिहिलं. दर आठवड्याला एक. शाळेत काय झालं, धाकटा कसा जेवत नाही, तू कधी येणार. मला माहीत होतं की तुम्ही ते कुठेच टाकत नाही. तरी लिहिलं, कारण मी पत्र दिलं की तुमचा चेहरा जरा सैल व्हायचा. सहा पत्रं लिहिली मी. सहा आठवड्यांनी तुम्ही खरं सांगितलंत तेव्हा मी रडले असते तर मला आधीपासून माहीत होतं हेही तोंडातून गेलं असतं, आणि ती पत्रं मी कशासाठी लिहिली ते तुम्हाला कळलं असतं. म्हणून "बरं" म्हटलं. नंतर रडायला बसले तर जमेना. अजून जमत नाही. जो कोणी रडतो त्याचा मला राग येतो. मुलींचा येतो, धाकट्याचा येतो, आणि आता ते नळाचं वाचून तुमचाही आला.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. दोन दिवस राहीन. तुम्ही बक्रमबद्दल बोला, मी नाक मुरडणार नाही. मग मी आईबद्दल बोलेन. धाकट्याला घरातच राहू दे, त्याला तर तिचा चेहराही आठवत नाही. ती सहा पत्रं फेकून दिली असतील तर मी यायच्या आधी तसं सांगा.

आणि मी लोखंड आहे हे शेजाऱ्यांना सांगणं आजपासून बंद करा. मी अकरा वर्षांची होते.

तुमची,
थोरली